कानातली घंटा

"कानात आवाज येतो का आजी? शिट्टीसारखा, घंटेसारखा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बलभीमनं डोळ्यांनीच दटावलं.

"न्हाय बाई," ती म्हणाली.

खोटंच होतं ते. भूमच्या या दवाखान्यात आणली तेव्हा काटा मोडून चिघळलेला तिचा पाय गुडघ्यापर्यंत टरारला होता, ताप डोक्यात गेला होता. जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि पायाची सूज ओसरली. पण परवापासून कानात बारीक घंटा वाजत होती, थांबायचं नाव घेत नव्हती. तिनं हे बलभीमला सांगितलं, तर त्यानं जागेवरच हात जोडले.

"अगं, काळभैरवनाथाची हाय ती! सोनारीहून इथवर आलाय त्यो तुझ्यासाठी. देवाची खूण बोलून दाखवू न्हाय, न्हायतर निघून जाती."

हे औषध जीव वाचवतं, पण कधी मूत्रपिंडाला बाधतं, कधी कानाला. म्हणून डॉक्टरीणबाई रोज रक्त तपासत होत्या आणि रोज तेच विचारत होत्या. द्वारकाबाईही रोज नाहीच म्हणत होती. मग एका सकाळी घंटा थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचे सगळे आवाजही थांबले.

इंजेक्शन लगोलग बंद झालं, पण उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई बलभीमला काय बोलल्या ते तिला ऐकू आलं नाही. त्याची मान खाली गेली तेवढी दिसली. तिला रडू आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. आत सगळं बधिर झालं होतं.

पाय बरा झाल्यावर ती सोनारीला देवळासमोरच्या आपल्या नारळाच्या दुकानात बसली. उभा जन्म तिनं नारळ कानाशी हलवून, आतलं पाणी ऐकूनच गिऱ्हाइकाला दिला होता. आजही सवयीनं कानाशी नेला, हलवला आणि तसाच धरून राहिली. समोरची बाई खोळंबली.

बलभीमनं तो तिच्या हातातून घेतला, आपल्या कानाशी हलवून बाईला दिला. बाई गेल्यावर तो द्वारकाबाईकडं वळून बोलू लागला. एवढं तो संसारात कधी बोलला नव्हता. ओठ हलत होते, हात जोडलेले होते. तिला एक शब्द कळला नाही, आणि कळावा असंही वाटलं नाही.

पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं होतं. तिनं ढिगातला एक नारळ उचलला आणि बलभीमच्या जोडलेल्या हातांत ठेवला.