बिनआवाजाची मोटर

"काका, तुमच्याबद्दल तक्रार आलीय," इमारतीचा सेक्रेटरी दारातूनच म्हणाला. आत या म्हटलं तरी तो येईना. आत गेलं की मोटर दाखवतात आणि तासभर सोडत नाहीत, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"कोणाची?"

"नाव नाही सांगत. भिंतीतून टकटक येते म्हणे. झोप लागत नाही. आवाज तरी बंद करा, नाहीतर ते यंत्र तरी."

वाइंडरकाकांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं. बायको गेल्यापासून त्यांच्याबद्दल तक्रार करणारं कोणी उरलंच नव्हतं. ती होती तेव्हा रोज स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, बंद करा ते टकटक! घरात घड्याळं काय कमी आहेत?" काका "करतो, करतो" म्हणत आणि काही करत नसत.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरून, म्हणजे वाइंडिंग करून दिल्या; त्यावरूनच त्यांचं नाव वाइंडरकाका पडलं. दुकान विकल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून स्वतःच्याच मोटरी करू लागले. फळीवर एक तबकडी, तिच्या कडेला लोहचुंबक, शेजारी तारेची कॉइल. चुंबक समोर आलं की कॉइलला क्षणभर वीज मिळायची, तबकडीला धक्का बसायचा आणि वीज लगेच तुटायची. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा, तसं. "यातून फुकट वीज मिळते का हो?" असं कोणी विचारलं की काका म्हणत, "छे! घालतो तेवढीही परत येत नाही. संसारच म्हणा ना."

उपयोग शून्य. पण त्या दोन खोल्यांत त्यांच्याखेरीज हलणारी वस्तू ती एकच होती. लांबच्या शहरातला मुलगा रविवारी फोन करायचा. "ठीक?" "ठीक." की संपलं. बाकीचा आठवडा काकांना सोबत त्या टकटकीची. ती बंद करायची म्हणजे काय, हे सेक्रेटरीला कुठून कळणार?

यंत्र थांबवायचं नाही, आवाज थांबवायचा, असं ठरवून ते कामाला लागले. आधी कॉइलच्या आतला कोअर, म्हणजे गाभा. तिथं जाड बोल्ट होता. चुंबक त्याच्याकडे ओढलं जाई आणि सगळं टेबल थरथरे. बोल्ट काढून आत नुसती पोकळी ठेवली, तर थरथर गेली पण जोरही गेला. जुन्या रेडिओतली काळी कांडी घालायला गेले, ती पकडीत कटकन मोडली. "घ्या! म्हातारपणी घाई," ते स्वतःलाच म्हणाले. शेवटी वेल्डिंगच्या बारीक सळया कापल्या, एकेकीला वार्निश लावलं आणि त्यांचा पातळ जुडगा आत बसवला. तो मात्र फळला.

उरली टकटक. ती रीड स्विचची होती. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या, चुंबक आलं की चिकटायच्या, गेलं की सुटायच्या. काकांनी तो काढला आणि त्याच्या जागी चुंबक जवळ आलं की न शिवता ओळखणारा नखाएवढा हॉल सेन्सर आणि एक ट्रान्झिस्टर जोडला. हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. मोटर आधीपेक्षा वेगानं फिरू लागली आणि मुळीच आवाज येईना.

असं चोख काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते दाखवायला वळले, तर मागे भिंत.

मग एक नवीनच त्रास सुरू झाला. स्वयंपाकघरात गेलं की मोटर चालू आहे की नाही कळेना. दर थोड्या वेळानं बाहेर येऊन बघावं लागे. घर इतकं गप्प होतं हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी दार जोरजोरात ठोठावलं. शेजारच्या खोलीतली नर्स होती. केस विस्कटलेले, पायात दोन तऱ्हेच्या चपला.

"काका, ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"आवाज बंद झाला."

"मग? तक्रार तुमचीच ना, ताई?"

ती ओशाळली. "माझीच. रात्रपाळी करून येते हो, दिवसा झोपावं लागतं. पण आता मुळीच झोप येत नाही. आमच्या वॉर्डात यंत्राचा आवाज थांबला की आम्ही धावत सुटतो. जरा डोळा लागला की वाटतं, थांबला. दचकून जागी होते. म्हटलं, भिंतीपलीकडचा माणूस..."

काकांनी बाजूला होऊन तिला तबकडी दाखवली.

"फिरतंय की!" ती म्हणाली.

"फिरतंय."

"बरं झालं. जाते मी, झोपते."

चहाचं विचारेपर्यंत ती दारात पोचलीसुद्धा. काकांनी घाईघाईनं विचारलं, "मग करू काय? टकटक हवी की नको?"

"हवी," ती म्हणाली. "जरा हळू असली तर बघा."

काकांनी कपाटातून बायकोचा जुना स्वेटर काढला. आजवर त्याला कात्री लावायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. बाहीचा लहानसा तुकडा कापून त्यात रीड स्विच गुंडाळला आणि पुन्हा जोडला. टकटक मऊ झाली. सेन्सर काढून टाकला नाही. मध्ये एक बटण बसवलं, इकडे केलं की आवाज, तिकडे केलं की गप्प. जुन्या धंदेवाल्यांनी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पलीकडे खाट करकरली आणि मग काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. ती कामावर निघाली होती. काकांनी बटण तिकडे केलं. रीडच्या पात्या ठिणगीनं जळतात, एक दिवस संपतात. आता त्या दुपारपुरत्या राखून ठेवायला हव्या होत्या.

घर पुन्हा गप्प झालं. दिवा मालवण्याआधी काकांनी तबकडीजवळ तळहात नेला. बोटांना वारा लागला.