काठीच्या पुढे कुणी जायचं नाही

मी काठी बोलतेय. दचकू नका, मी मारायची काठी नव्हे, चालायची आहे. आणि तीही कुणा एकाची नाही. दर रविवारी सकाळी समुद्रकाठच्या वाटेवर जे फिरायला जमतात, त्या सगळ्यांची. आठवडाभर माझा मुक्काम बाईंच्या घरी, दाराआड छत्र्यांच्या शेजारी. पण छत्र्यांपेक्षा मला मान जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म होड्या दुरुस्त करायच्या शेडमधला. त्याआधी मी वल्हं होते. एका घाईच्या माणसाने होडी धक्क्यावर आपटली आणि माझे दोन तुकडे झाले. पातं सरपणात गेलं, दांडा उरला. शेडचे मालक म्हणजे बाईंचे धाकटे दीर. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या फिरायच्या उद्योगाला काहीतरी हवं होतं ना? हे घ्या." त्यांनी मला रंधा मारला, घासून गुळगुळीत केलं, मुठीला सुतळी गुंडाळली आणि पायात रबराचा बूट चढवला. खरं सांगते, मला जमीनच मानवली. पाण्यात गार फार लागायचं.

बाई म्हणजे भूगोलाच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण शिकवायची खोड काही गेली नाही. म्हणून त्यांनी ही रविवारची फेरी सुरू केली. वाट अगदी सोपी. जुन्या जकातघरापासून निघायचं, बंधाऱ्याच्या कडेकडेने जायचं, दोरखंड वळायच्या लांबलचक शेडवरून पुढे चुन्याच्या पडक्या भट्टीला वळसा घालून थेट दीपगृह. चढ नावालाही नाही. "ज्याला घरात स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं, त्याला इथे येता येतं," असं बाई सगळ्यांना सांगायच्या.

पण पहिल्याच फेरीत घोटाळा झाला. तरातरा चालणारे पुढे गेले, दीपगृह बघून परत फिरले. बाईंची मावशी तेव्हा अर्ध्या वाटेवर बंधाऱ्यावर टेकली होती. येणाऱ्यांनी तिला हसून सांगितलं, "फार छान होतं हो तिकडे!" मावशी तिथूनच घरी परतली. ती पुन्हा कधी आलीच नाही. बाईंना ते फार लागलं.

त्यातून नियम निघाला आणि त्या नियमासाठी मी. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. काठी त्याच्या हातात. आणि काठीच्या पुढे कुणी जायचं नाही.

सुरुवातीला शर्यतीचे बूट घालून येणारे लोक फार चुळबुळले. एकजण तर जागच्या जागी उड्या मारायचा, दूध उतू जायला आल्यासारखा. पण हळूहळू त्यांना दिसायला लागलं. धक्क्याच्या दगडात गवंड्यांनी कोरलेल्या खुणा दिसल्या. होड्या बांधायच्या गंजक्या कड्या दिसल्या. दोरखंडाची शेड एवढी लांब का, तर दोर वळताना तो सरळ ताणावा लागायचा, हेही त्यांना कळलं. ते सगळं आधीपासून तिथेच होतं.

गेल्या वर्षी एका रविवारी सरांना त्यांची लेक घेऊन आली. सर म्हणजे शाळेतले कवायतीचे सर. जन्मभर गळ्यात शिट्टी आणि तोंडात "पाय उचला!" त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा पाय कामातून गेल्यासारखा झाला. डॉक्टर म्हणत होते, चाला, नाहीतर पाय कायमचा जाईल. सर मात्र खिडकीजवळच्या खुर्चीतून हलत नव्हते. आपल्याला पाय ओढताना लोकांनी बघावं, हेच त्यांना नको होतं.

लेकीने बाईंना बाजूला घेतलं. "बाई, आज कसंबसं आणलंय. आज काही बिनसलं तर ते पुन्हा खुर्चीतून उठायचे नाहीत. मी ओळखते त्यांना." मी बाईंच्या हातातच होते, म्हणून मला ऐकू आलं.

आणि बाईंनी नेमकी चूक केली. सगळ्यांसमोर मला पुढे करून म्हणाल्या, "सर, आज काठी तुमची."

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चालायच्या आधीच नापास?"

"अहो तसं नाही..."

"राहू द्या. मी शेवटी चालेन. रांगेची शिस्त बघायला मागे कुणीतरी लागतंच."

बाईंनी जीभ चावली. मग मी दर रविवारी येणाऱ्या बेकरीवालीच्या हातात गेले. तिचे गुडघे कुरकुरतात. सर शाळेत तिलाही शिकवायला होते आणि पळण्यात ती कायम शेवटची यायची.

आम्ही निघालो. बेकरीवाली हळूहळूच चालत होती, पण सर तिच्याहून हळू होते. दोरखंडाच्या शेडपाशी ते भिंतीला टेकले आणि दगड निरखून बघत असल्यासारखं करू लागले. लेक थांबली तर "तू हो पुढे" म्हणून तिला पिटाळलं. भट्टीच्या वळणावर मात्र ते थांबलेच. घराकडच्या वाटेकडे बघत म्हणाले, "तुम्ही जा सगळे. मी इथेच जरा हवा खातो."

"बाबा, थोडंच राहिलंय," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बेकरीवालीने मागे वळून पाहिलं. सगळे पुढे गेल्यावर मागे एकटं उरणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने एकदम आवाज चढवला, "सगळ्यांनी उलटे फिरा!"

लोक गोंधळले, पण फिरले. बाईसुद्धा फिरल्या. आता शेवटचे सर सगळ्यात पुढे झाले आणि बेकरीवाली मी हातात असून शेवटी. "काठी पुढे द्या!" ती ओरडली. मी हातोहात सरकत निघाले. कुणाचा तळवा घामेजलेला, कुणाच्या बोटात अंगठी, कुणाची पकड नुसती नावाला. शेवटचा हात लेकीचा होता. तिने मला वडिलांसमोर धरलं.

"रांग फिरलीय, बाबा. आता पुढे तुम्हीच आहात."

"अगं, पण दीपगृह तिकडे आहे!"

"असेल, सर," बेकरीवाली लांबून म्हणाली. "आम्ही काठीच्या मागे. तुम्ही घरी न्याल तर घरी येऊ."

सरांनी रांगेकडे पाहिलं. दीपगृहाकडे पाठ करून माणसं सरळ उभी होती, हसू दाबत. कवायतीच्या माणसाला सगळं सहन होईल, भलतीकडे तोंड केलेली रांग सहन होत नाही. त्यांनी मला लेकीच्या हातातून हिसकावलंच. "काय पोरखेळ लावलाय? फिरा त्या बाजूला!"

"तुम्ही पुढे आल्याशिवाय कसे फिरणार, सर?"

मग सर निघाले. रांगेच्या कडेने, पाय ओढत, सगळा भार माझ्यावर टाकून. जाता जाता एकेकाला दटावत होते, "खांदे सरळ! पोट आत!" बेकरीवालीपाशी थांबून म्हणाले, "तू अजून तशीच आहेस." ती म्हणाली, "हो सर." तिला पार करून ते पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आता फिरा. आणि माझ्या मागे या."

दीपगृह आलं तेव्हा सगळे एकदमच पोहोचले. सरांनी भिंतीला हात लावला आणि ते रडले. सगळ्यांनी पाहिलं, कुणी तोंड फिरवलं नाही. त्यांच्या लेकीचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही, मी लाकूड आहे.

तेव्हापासून सरांनी एकही रविवार चुकवला नाही. आता एक गुपित सांगते, कुणाला बोलू नका. अलीकडे सर जकातघरापाशी आले की "आज पाय जरा दुखतोय" म्हणून मला मागून घेतात. मग ऐटीत पुढे चालतात. पण त्यांचा भार आता माझ्यावर येतच नाही. मी त्यांच्या मुठीत नुसती मिरवते. बाईंना ठाऊक असावं. लेकीला तर नक्कीच. तरी मला त्यांच्याच हातात देतात.

गेल्या रविवारी एक तरुण बाई आली. नुकतंच ऑपरेशन झालेलं, हात पोटावर धरलेला. ती कडेला उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "तुम्ही व्हा पुढे, माझ्यासाठी थांबू नका. मी येते मागून."

सरांनी ऐकलं. माझ्या सुतळीवरून अंगठा फिरवला. सोडवत नव्हतं त्यांना, मला जाणवलं. मग ते तिच्याजवळ गेले. "मागून यायची इथे पद्धत नाही," असं म्हणून त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि स्वतः रिकाम्या हातांनी मागे जाऊन उभे राहिले.

तिने पहिलं पाऊल टाकलं आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. मला बरं वाटलं.

आता माझ्या मुठीची सुतळी काळी पडलीय, बूट कितीदा बदलले. तरी मी खुशीत आहे. तुमच्यावरही कधी "तुम्ही व्हा पुढे" म्हणायची वेळ आली, तर रविवारी सकाळी जकातघरापाशी या. मला हातात घ्या आणि निघा. सारखं वळून बघू नका. मागे सगळे आहेत आणि कुणालाही घाई नाही.