जिन्याखालची साक्षीदार

मित्रांनो, न्यायदानाच्या कामात मी फार मोठी कामगिरी बजावली आहे. त्या वेळी माझे पाय वर होते आणि एका चाकाला च्युइंगगम चिकटलेलं होतं.

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. जन्मले तेव्हा मला पाच चाकं होती, आता चार आहेत. बसणाऱ्याची पाठ सरळ राहावी, एवढंच मला शिकवलं होतं. पाण्याचे नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आले आणि नऊ वर्षं ताईंच्या वाट्याला राहिले. ताई नळांची रेखाचित्रं काढत. कारागीर कागद पाहून म्हणत, "ताईंचं आहे ना, मग परत मोजायला नको." ते कौतुक मी माझंही समजत असे.

मग नवे विभागप्रमुख आले. काम बघायला म्हणून साहेब माझ्यामागे उभे राहत. त्यांचा हात आधी माझ्या पाठीवर यायचा, मग तिथून ताईंच्या खांद्यावर. ताई मला पुढे ओढत. मी टेबलाला चिकटले तरी हात पोचायचाच. मला चाकं आहेत, हात नाहीत. असते तर हे आत्मवृत्त वेगळ्या प्रकारचं झालं असतं.

एकदा ताई म्हणाल्या, "साहेब, हात काढा."

"अगं, मी तुझ्या मोठ्या भावासारखा."

"मला मोठा भाऊ आहे. तो लांबून बोलतो."

सोमवारी ताईंनी लेखी तक्रार दिली. मंगळवारी मला उचललं. ज्याचा हात, तो जागच्या जागी राहिला; जिचा खांदा, ती जिन्याखाली गेली. तिथे टेबल होतं, दिवा होता, काम नव्हतं. सहा महिने काम नव्हतं. ताईंनी वैतागून राजीनामा द्यावा, म्हणजे चौकशीची कटकटच मिटेल, असा सगळा हिशेब. दुपारी त्यांच्या आईचा फोन यायचा. "हो गं आई, मान वर करायला फुरसत नाही," ताई सांगायच्या आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसायच्या. माझा संताप स्प्रिंगमध्ये मावत नव्हता. लोकांना वाटे, मी जुनी झाले म्हणून करकरते.

पण आमच्या कारखान्याला एक चांगली खोड आहे. स्टूल जरी हलवलं तरी भांडारातले काका त्याच्या बुडाखाली चिठ्ठी चिकटवतात: तारीख, कुठून, कुठे, कारण, सही. मंगळवारी काकांनी फोनवर विचारलं होतं, "साहेब, कारण काय लिहू?"

"लिहा, तक्रारी करते म्हणून. आणखी काय?"

काका तीस वर्षं सांगितलेलं जसंच्या तसं लिहीत आले आहेत. त्यांनी तेच लिहिलं, चिठ्ठी वर पाठवली, सही होऊन आली, मला चिकटवली. एके दिवशी ताईंची पेन्सिल खाली पडली. ती घरंगळत माझ्याखाली गेली; उचलताना त्यांनी मान वर केली आणि माझ्या बुडाची चिठ्ठी दोनदा वाचली. त्या दिवशी लिहून ठेवलेला राजीनामा त्यांनी फाडला.

चौकशीला बाहेरून वकीलबाई आल्या. साहेब म्हणाले, "बदली सोयीसाठी केली. तिकडे शांतता आहे." काकांनी मला आणून टेबलावर उलटी ठेवली. बाईंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

"ही सही तुमची?"

"मी रोज पन्नास सह्या करतो."

"म्हणजे न वाचता करता?"

"छे, वाचूनच करतो."

बाईंनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या मालक होतील. माणूस तक्रार घेऊन आला, तर आधी ऐका. त्याचं टेबल हलवू नका, काम काढून घेऊ नका. तक्रार केल्याची शिक्षा देणं हा वेगळा गुन्हा आहे. तो पहिल्या गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. कोणाला हलवायचंच असेल, तर हातवाल्याला हलवा. आणि माझ्या चाकात तेल घाला.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. त्या पुन्हा रेखाचित्रं काढतात. साहेबांना लेखी समज मिळाली. ताईंच्या या वर्षीच्या कामाचा अहवाल साहेबच लिहिणार आहेत.