लॅबच्या काउंटरवरून

हैदराबादच्या अमीरपेटेत रक्त-लघवी तपासणीची एक लॅब होती आणि तिच्या काउंटरवर तुळजा बसायची. आलेल्या माणसाचं नाव विचारायचं, ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवायचं, रिपोर्ट कधी मिळेल ते सांगायचं. तेलुगू, हिंदी, कानडी, मराठी, ज्याची जी भाषा असेल तिच्यात ती बोलायची. त्यामुळं लॅबच्या डॉक्टरबाई तिच्यावर खूश होत्या.

तिच्या गावात मात्र, बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या चिंताकीत, तुळजा सॉफ्टवेअर इंजिनियर होती.

एके काळी ते खरंही होतं. बीदरला इंजिनियरिंग करून २००८ साली ती हैदराबादच्या एका कंपनीत लागली, तेव्हा गावातल्या हायस्कुलात तिला शाल-नारळ दिलं गेलं. तिचे वडील निंगप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन मुलखामुलखात हिंडलेले. त्यांच्या घरातून कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. त्या आनंदात तुळजानं मराठीत एक ब्लॉग सुरू केला आणि नाव दिलं 'यशाची पायवाट'. कंपनीच्या सातव्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसतं, इंटरव्ह्यूला काय विचारतात, खेड्यातल्या मुलींनी इंग्रजीची भीती कशी घालवावी, असं ती लिहायची. आपलं बोलणं बाजूला ठेवून, पाठ्यपुस्तकातल्यासारखं स्वच्छ लिहायची. बीदर, उदगीर, भालकीच्या मुली ते वाचायच्या.

अकरा महिन्यांनी मंदी आली आणि नोकरी गेली.

महिन्याभरात दुसरी मिळेल म्हणून तिनं घरी सांगितलं नाही. महिन्याचे सहा महिने झाले. मग लॅबमध्ये जागा होती ती तिनं धरली, आणि ते तर सांगणं आणखीच अवघड झालं. ब्लॉग मात्र चालूच राहिला. दर रविवारी लॅबच्या समोरच्या नेट कॅफेत बसून ती सातव्या मजल्याबद्दल लिहीत राहिली. खरं म्हणजे जगात तेवढ्या एकाच ठिकाणी ती अजून इंजिनियर होती, आणि ती जागा सोडायचं तिला धाडस होत नव्हतं.

२०१०च्या मार्चमध्ये तिला एक मेल आला. बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरची चैत्रा नावाची मुलगी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं, वाचायला वेळ लागला. चैत्रा बीदरला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि चार विषयांत नापास झाली होती. 'अक्का, मी दोन वर्षं तुमचं सगळं वाचायलेय,' तिनं लिहिलं होतं. 'तुमी कधी नापास झाला न्हाईत, कधी भ्याला न्हाईत. मी तुमच्यासारखी न्हाई हे मला कळालंय. अप्पा म्हणायलेत घरी ये. मी कॉलेज सोडायलेय. तुमचा ब्लॉग वाचायचंबी सोडायलेय. राग मानू नका.'

तुळजानं लगेच उत्तर लिहायला घेतलं. अपयश ही यशाची पहिली पायरी असते, असं तिनं टाइप केलं, आणि पुसलं. खचून जाऊ नकोस, असं टाइप केलं, तेही पुसलं. शेवटी काहीच न पाठवता ती कॅफेतून उठून काउंटरवर परत गेली. त्या दुपारी तिनं दोन बाटल्यांवर एकच नाव लिहिलं. डॉक्टरबाईंनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

चार दिवस तिच्या डोक्यातून ती मुलगी जाईना. आपल्याला बघून कुणी धीर धरतं, एवढंच तिला ठाऊक होतं. आपल्याला बघून कुणी धीर सोडतंय, हे ध्यानातच आलं नव्हतं.

रविवारी ती कॅफेत बसली. नेहमीच्या मराठीत तिनं सुरुवात केली, पण प्रत्येक वाक्यात खरं कुठंतरी लपून राहायचं. 'काही अपरिहार्य कारणास्तव' असं लिहून झालं तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. सगळं पुसून तिनं घरात बोलते तसं लिहिलं.

'मी तुळजा निंगप्पा. गाव चिंताकी. मी इंजिनियर हाव पर कंपनीत न्हाई. २००९च्या जानेवारीत आमाला एकोणतीस जणाला एका खोलीत बोलावलं आन गळ्यातलं कार्ड काढून घेतलं. त्या दिशी मी हॉस्टेलला जाऊन भात खाल्ला आन झोपले. रडू आलं न्हाई. रडू आलं चार दिसानं, साबण आणायला गेले तवा. दुकानदारानं इचारलं, मॅडम, आज आफिसला सुट्टी का?

'तवापासून चौदा इंटरव्ह्यू दिलेत. आता एका लॅबच्या काउंटरवर बसते. काम चांगलं हाय. सातव्या मजल्याच्या खिडकीचं मी जे लिहायचे ते सगळं आठवून लिहिलेलं हाय. तिथं आता कोण बसतंय मला म्हाईत न्हाई.

'आन तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात मी दोनदा नापास झालेय. तिसऱ्यांदा काठावर पास झाले. घरी सांगितलं होतं की निकाल उशिरा लागायलाय.

'मला एका पोरीनं लिहिलंय की ती माझ्यासारखी न्हाई. बाई, तू लई माझ्यासारखी हाइस. म्याच तुला तसं दिसू दिलं न्हाई.'

पुन्हा वाचलं तर आपण बटण दाबणार नाही, हे ठाऊक असल्यानं तिनं न वाचताच प्रसिद्ध केलं. मग हात ओढणीला पुसले.

आठवड्यात खाली चाळीसेक प्रतिक्रिया आल्या. वर्षभर फसवलंस, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. एकानं ही काय भाषा आहे, आधी मराठी शिका, असं सुनावलं. निलंग्याच्या एका बाईनं लिहिलं की वाचताना आईजवळ बसल्यासारखं वाटलं. तुळजानं कुणाचीच प्रतिक्रिया काढून टाकली नाही. चैत्राचं काही आलं नव्हतं.

बुधवारी गुरुपादय्या मास्तरांचा फोन आला. त्यांनीच तिला चिंताकीच्या हायस्कुलात गणित शिकवलं होतं. पंधरा दिवसांनी एकदा औरादच्या नेट कॅफेत जाऊन ते तिचा ब्लॉग वाचत आणि वर्गात पोरांना सांगत.

"दर पंधरा आगस्टला पोरांपुढं तुझं नाव घ्यायलोय तुळजा," ते म्हणाले. "मला तरी सांगायचं होतंस."

तिनं माफी मागितली.  मास्तरांनी विचारलं की निंगप्पाच्या कानावर कुणीतरी घालणारच, तर मीच नीट सांगू का?

"नको सर," ती म्हणाली. "मीच येते."

दोन दिवसांची सुट्टी घेऊन, ब्लॉगचा कागद छापून ती निघाली. बीदरला बस बदलली, औरादला बदलली. दुपारी घरी पोचली तेव्हा निंगप्पा लिंबाखाली लोकर कातत बसले होते. मेंढरं केव्हाच विकून झाली होती, पण कातायची सवय हाताला राहिली होती. आई भागम्मा तूर पाखडत होती. पोर अचानक आली म्हणून दोघं हरखले. पाणीसुद्धा न पिता तुळजा म्हणाली, मला एक वाचून दाखवायचंय, मधे बोलू नका.

तिनं सगळं वाचलं. साबणाच्या दुकानाचं वाचतानाही ती थांबली नाही. वाचून झालं तेव्हा निंगप्पांच्या हातातली चाती थांबलेली होती.

"किती दिस झाले ह्याला?" त्यांनी विचारलं.

"पंधरा महिने, अप्पा."

"आन मी गावभर सांगत हिंडायलोय," ते म्हणाले, आणि उठून शेताकडं निघून गेले.

भागम्मानं सूप खाली ठेवलं. आधी तिनं विचारलं की तिकडं जेवण वेळेवर होतं का. मग तिचा आवाज चढला. "लोकाला न्हाई सांगितलीस ते समजलं. मला कामून न्हाई सांगितलीस? मी काय लोक हाव व्हय?"

 तुळजा आईच्या शेजारी बसून सुपातली तूर निवडू लागली. भागम्मानं थोड्या वेळानं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि ताटात भाकर वाढली.

निंगप्पा अंधार पडता पडता परतले आणि जेवून लगेच झोपले. सकाळी मात्र त्यांनी पटका बांधला आणि पोरीला म्हणाले, चल. कुठं ते सांगितलं नाही. बसथांब्याजवळच्या हॉटेलात रोजची माणसं चहाला बसली होती. निंगप्पांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं की पोरीची कंपनीतली नोकरी जाऊन वर्ष उलटलंय, आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते.

 एकजण हसत म्हणाला, मग इंजिनियर कुठं गेली?

"हितंच हाय की," निंगप्पा म्हणाले. "माझी मेंढरं गेली म्हणून मी धनगर न्हाई का?"

तुळजानं मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते. कोपऱ्यात भीमण्णा नावाचा म्हातारा बसला होता. एवढा वेळ तो तिच्याकडं निरखून बघत होता. लॅब म्हणजे साखर बघतात तीच का, असं त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. तसा तो उठून घरी गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला रिपोर्ट घेऊन आला. औरादहून आणून तीन महिने झाले होते. इंग्रजीत असल्यानं घरात कुणाला काही कळलं नव्हतं आणि डॉक्टरकडं परत जायला त्याला संकोच वाटत होता. तुळजानं वाचलं. साखर बरीच वाढलेली होती. तिनं ते सांगितलं आणि याच आठवड्यात डॉक्टरकडं जायला बजावलं.

दुपारपर्यंत घरी नऊ जण आले. कुणाचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट, कुणाच्या सुनेचं रक्त कमी. जे कळत होतं ते तिनं समजावून सांगितलं. जे कळत नव्हतं तिथं, हे मला समजत न्हाई, डॉक्टरला दाखवा, असं सरळ म्हणाली. इंजिनियर असताना गावात कुणी तिला काही विचारायला आलं नव्हतं. नुसतं बघायला आले होते. भागम्मा येणाऱ्यांना चहा करून करून दमली, पण तक्रार केली नाही.

परत निघायच्या दिवशी मोबाइलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. चैत्रा होती. ब्लॉगवर गावाचं नाव वाचून तिनं चिंताकीच्या हायस्कुलात फोन केला होता आणि तुळजाचा नंबर मास्तरांकडून मिळवला होता. ती कॉलेजमधलं सामान न्यायला बीदरला आली होती, वडील सोबत होते, आणि अक्काला एकदा भेटता येईल का, असं विचारत होती.

बीदरच्या बसस्टँडवर ते तिघं भेटले. चैत्रा बारीक, चष्मेवाली, बोलताना वडिलांकडं बघणारी. तिचे वडील अमृतप्पा यांचं राजेश्वरला धान्याचं दुकान होतं. कपाळावर विभूतीची बोटं, पांढराशुभ्र शर्ट. त्यांनी नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला. लिहिलंय ते खरं की पोरीची समजूत घालायला लिहिलंय?

"खरं हाय," तुळजा म्हणाली. पिशवीतून तिनं आपल्या गुणपत्रिका काढल्या. त्या गावी ठेवलेल्या होत्या, पुढच्या इंटरव्ह्यूसाठी म्हणून तिनं सोबत घेतल्या होत्या. तिन्ही खेपेच्या होत्या. अमृतप्पांनी एकेक डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. पंधरा, बावीस, पस्तीस.

"तीनदा बसला तुमी?"

"व्हय. तिसऱ्या खेपेला लई भ्याले होते."

 अमृतप्पा कागद परत देऊन पोरीला म्हणाले, "मग बस तूबी." आणि चहा आणायला गेले.

चैत्रानं बाकावर वही उघडली. कुठं अडतं ते ती दाखवू लागली आणि तुळजाला आपलं नेमकं तिथंच अडायचं ते आठवलं. हैदराबादची बस लागली, भरली, निघाली. दोघींचं गणित अर्धंच झालं होतं, म्हणून तुळजानं ती बस सोडून दिली.

जूनमध्ये चैत्रा चारपैकी तीन विषयांत पास झाली. राहिलेल्या गणिताला ती पुन्हा बसणार होती. तिला विचारून तुळजानं हे ब्लॉगवर लिहिलं, गुणांसकट. त्याच्याच खाली तिनं स्वतःच्या पंधराव्या इंटरव्ह्यूबद्दलही लिहिलं. अजून निकाल कळालेला न्हाई, कळाला की चांगला-वाईट कसाबी असंल तसा सांगते, असं.