कर्नलसाहेबांचा गुडघा

पुस्तकाबद्दल सगळ्या जगाचं मत आलं होतं, घरातलं एक तेवढं यायचं राहिलं होतं. दुर्गेश्वरीचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

सौंदडच्या ओमेश पटलेच्या बायकोनं कादंबरी लिहिली, ती नागपुरात छापली, आणि तिच्यावर तिचं नावही आलं, हे गावाला पचायला जरा वेळ लागला. त्यातून कादंबरी प्रेमाची. तीही इथली नाही, थेट विलायतेतली, राणीच्या काळातली. दुर्गेश्वरीनं हे फार विचार करून केलं होतं. सौंदडातलं प्रेम लिहिलं असतं तर पुस्तक घरी यायच्या आत शेजारणी विचारायला आल्या असत्या, ‘ही कोनाची पोरगी वो?’ विलायतेतल्या पोरीची चौकशी करायला कोण जाणार? शिवाय गोंदियाच्या कॉलेजात बी.ए.ला तिनं त्या काळाबद्दल बरंच वाचलं होतं. तो काळ तिला सोयीचा वाटला. तिथली माणसं हातात हात देण्याआधी हातमोजे घालत होती. सासूच्या घरात राहून प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला याहून बरा काळ कुठं मिळणार!

कारण सासूनं एकच अट घातली होती. सुलोचनाबाईंना वाचता येत नव्हतं, पण सून दुपारी लिहायला बसली की त्या न सांगता चुलीकडे वळायच्या. संध्याकाळचा भात, वरण, आल्यागेल्याचा चहा, सगळं स्वतःकडे घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “लिव बाई, मस्त लिव. पन घरातल्या पोरीपुढं वाचता नाई येनार असं काई लिवू नोको.” दुर्गेश्वरीनं तो शब्द पाळला होता. सगळ्या कादंबरीत पियानो शिकवणारी मार्था आणि बायको वारलेला कर्नल विल्फ्रेड एकमेकांना धड शिवत नाहीत. पावसात एकदा छत्री एक होते, तेवढंच. प्रकाशकानं मागच्या कव्हरवर छापलंच होतं, ‘घरात सर्वांसमोर वाचता येईल अशी स्वच्छ प्रेमकथा.’

मतं मात्र धो धो आली. अमरावतीच्या एका निवृत्त बाईंनी फोन करून सांगितलं की वाचून रडू आलं. पुण्याच्या कुणा वाचकानं इंटरनेटवर लिहिलं की धुकं फार आहे, अर्धी पानं धुक्यातच गेली. एका मुलीनं तक्रार केली, ‘पुस्तक संपत आलं तरी काहीच होत नाही,’ आणि खाली दुसरीनं तिला झापलं, ‘म्हणून तर मी आईला वाचायला दिलं.’ शेजारची रुख्मा बचत गटाची अध्यक्ष. तिनं पुस्तक रात्री जागून वाचलं आणि सकाळी कुंपणावरूनच मत दिलं, “सारं मस्त हाये, पन ते लोकं जेवतात काय वो? पानामागं पानं गेली, कोनी भात नाई खाल्ला. म्या तं उपाशीच मेली असती तिथं.” ओमेशनं पहिली काही पानं वाचली, कर्नलकडे किती एकर जमीन आहे ते विचारलं, आणि पुस्तक उशाशी ठेवून दिलं. ते अजून तिथंच आहे. नवऱ्याचं मत म्हणून एवढं पुरे.

सुलोचनाबाईंना पुस्तक खुशबू वाचून दाखवायची. खुशबू म्हणजे दुर्गेश्वरीची लेक, अकरावीतली. दुपारच्या उन्हात अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत म्हातारी ऐकायची. सुरुवातीला काय कौतुक! मार्थाला घरमालकिणीनं थंडीत बाहेर काढलं तेव्हा सुलोचनाबाईंनी त्या घरमालकिणीला अशा शिव्या दिल्या की खुशबूला वाचन थांबवावं लागलं. बाजारात, दळणाच्या चक्कीवर, जिथं जातील तिथं सांगायच्या, “आमच्या सुनेनं लिवलं, पहा. पोरीपुढं वाचता येते असं हाये.”

आणि मग पुस्तक संपलं. शेवटचं पान वाचून खुशबूनं विचारलं, “कसं वाटलं, आजी?” सुलोचनाबाईंनी हातातली डाळ सुपात टाकली. सूप उचललं आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून पुस्तकाचं नाव नाही. बाकी सगळं नेहमीसारखं. चहा यायचा, भात व्हायचा, सुनेला हाकही मारायच्या. पण रुख्मानं कुंपणावरून कादंबरीचा विषय काढला की यांना गाईचं काहीतरी आठवायचं. चक्कीवर जाणंही बंद झालं, दळण खुशबूच्या हाती जाऊ लागलं. दुर्गेश्वरीला वाटायचं, म्हातारी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, मूग गिळून बसलेल्या माणसाला काय देणार?

त्यात नागपूरहून प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक चांगलं चाललंय, दुसरी कादंबरी कधी देता? तिनं ‘घरी विचारून सांगते’ म्हणून फोन ठेवला आणि मग स्वतःवरच चिडली. चाळिशीला आलेली बाई, आणि घरी विचारते! पण खरंच विचारायचं होतं. ज्या बाईनं चूल सांभाळून तिला टेबल मोकळं करून दिलं, तिच्या मनात आपण घाण लिहिलं असं असेल, तर पुढची ओळ हातून उतरणारच नाही हे तिला ठाऊक होतं.

तिनं पुस्तक पुन्हा काढलं आणि घाण शोधायला बसली. स्वतःच्याच लिहिण्यात चोर शोधायचा, म्हणजे काय विचारता! छत्रीचा प्रसंग असेल? की मार्था गाडीतून उतरताना तिचा घोटा दिसतो, तो? पण इथं बाया रोवणीला गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून चिखलात उभ्या राहतात, घोट्याचं कुणाला काय! की हातमोजे घालून केलेला नाच? तिनं ओमेशला विचारलं. तो म्हणाला, “आईलेच इचारून घे ना. मले काऊन इचारून राहिली?” शहाणाच होता तो, पण ऐन वेळी कामाचा नव्हता.

असं चाललेलं असताना एका सकाळी लखन आला. लखन म्हणजे दुर्गेश्वरीचा धाकटा भाऊ, सालेकशाला असतो. कचारगडच्या जत्रेला जायला इथं कुणाला तरी गाडी पाहिजे होती, ती पोचवून तो बहिणीकडे वळला होता. सुलोचनाबाई अंगणात होत्या, सासरे दुधरामजी खाटेवर ऊन घेत पडले होते. खुशबू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लखननं तांब्या घेतला, खाली ठेवला, आणि नेहमीसारखा वाकून भाचीच्या पाया पडला. या भागातल्या बऱ्याच घरांत ही रीतच आहे. मामा कितीही मोठा असो, भाचीच्या पाया पडतो. खुशबू नेहमीसारखी लाजून मागे सरकली.

आणि सुलोचनाबाईंचा बांध फुटला.

“हे पाह्य! हे पाह्य दुर्गेश्वरी!” त्या लखनकडे बोट दाखवून ओरडल्या. लखन तसाच वाकलेला राहिला. आपलं काय चुकलं ते बिचाऱ्याला कळेना. “असा पाया पडला ना तो? मंग अशा पोरीसंग कोनी लगन लावते का?”

“बाप्पा! मी कायले लगन लावू?” लखन एकदम सरळ झाला.

“तुले नाई म्हनत. त्या करनलले म्हनतो!”

दुर्गेश्वरी दारात आली होती, हाताला पीठ तसंच. तिला क्षणभर काही उमजेना. सुलोचनाबाई मात्र आता थांबणार नव्हत्या. “तूच लिवलं ना, तो तिच्या पायापाशी गुडघ्यावर बसला, मान खाली घातली? म्या म्हनलं, वा! मानूस चांगला निंगाला. पोरीले भाची मानलं त्यानं, आता तिचं कन्यादान करीन, चांगलं घर पाहून देईन. म्या वाट पाहून राहिली, का आता सांगते, आता सांगते, तो तिचा मामा कसा लागते. अन् तुनं त्याइले सिधं गिरजाघरात नेलं! ज्या पोरीच्या पाया पडला तिच्याशीच लगन! माह्या खुशबूनं वाचलं ते, माह्यापुढं!”

लखननं तांब्या तोंडाला लावला आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

“तं मले तवाच सांगाचं होतं ना, आत्याबाई,” दुर्गेश्वरी कशीबशी म्हणाली.

“कसं सांगू? तू येवढं मन लावून लिवलं. लोकं चांगलं म्हनून राहिले. मी अडानी, मी काय तुले तोंडावर सांगू?” म्हातारीचा आवाज खाली आला. “म्हनून चक्कीवर बी नाई गेली. कोनी इचारलं तं काय सांगू?”

दुर्गेश्वरीचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ती घोटे आणि छत्र्या तपासत होती! तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पिठाच्या हातानंच पुसून तिनं तोंडाचा लगदा करून घेतला. सासूला राग नव्हता. सासू तिला दुखवायला नको म्हणून गप्प होती. हे कळल्यावर कितीतरी दिवसांचं ओझं एका दमात उतरलं.

“आत्याबाई, तो पाया नाई पडला. तिकडं तशी रीत हाये. लगन कराचं असलं तं मानसानं बाईपुढं एक गुडघा टेकाचा.”

“कायले?”

“इचाराले.”

सुलोचनाबाईंना ते पटलं नाही. तेव्हा दुर्गेश्वरीनं ओमेशला हाक मारली. तो बैलांना चारा टाकून येत होता. “इकडं या. अन् एक गुडघा टेका इथं, माह्यापुढं.” भाऊ समोर, बाप खाटेवर, आई उभी, लेक हसते आहे. ओमेशनं चौघांकडे पाहिलं. पण बायकोच्या पीठ माखलेल्या तोंडाकडे पाहून त्यानं वाद घातला नाही. एक गुडघा टेकला. “पॅन्ट खराब होऊन राहिली,” एवढंच पुटपुटला.

“आता मान खाली,” दुर्गेश्वरी म्हणाली. “अन् म्हना, माह्याशी लगन करतं का?”

“आता? पोरगी अकरावीत गेली तवा?”

“म्हना ना!”

त्यानं म्हटलं. खुशबूनं टाळ्या वाजवल्या. सुलोचनाबाई मात्र मुलाकडे टक लावून पाहत होत्या. एवढा थोराड मुलगा, गुडघा मातीत, मान खाली.

“अन् ती नाई म्हनाली तं?” त्यांनी विचारलं.

“तं उठाचं अन् चाललं जाचं.”

“चुपचाप?”

“चुपचाप. जबरी नाई.”

“तिच्या बापाले नाई इचारत?”

“त्याले बी इचारतात. पन तिले इचारतात. तिनं हो म्हनल्याबिगर नाई होत.”

सुलोचनाबाई खाली बसल्या. मातीत उमटलेली गुडघ्याची खूण त्यांनी बोटानं चाचपली. ओमेश केव्हाच उठून पॅन्ट झटकत होता. दुर्गेश्वरीला वाटलं, आता या पुन्हा गप्प होतील.

“मले कोनी इचारलंच नाई वो,” त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखं त्या म्हणाल्या. “मी धानाच्या बांधीत होती, रोवना सुरू होता. माय आली, म्हने चाल, पाव्हने आले. हात धुतले अन् गेली. तिथंच सुपारी फुटली.”

दुर्गेश्वरीला तिची स्वतःची पाहणी आठवली. तिला त्या दिवशी सगळं विचारलं होतं. शिक्षण किती, भात कसा करतेस, चष्मा आहे का. तेवढी एकच गोष्ट कुणी विचारली नव्हती. कादंबरीतलं गुडघा टेकण्याचं ते पान तिनं एका बैठकीत लिहून काढलं होतं, आणि ते इतक्या सहज का उतरलं हे तिला आज कळलं.

सुलोचनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “चांगलं लिवलं हाये,” त्या ठामपणे म्हणाल्या. “पोरीइनं वाचावं असंच हाये. तू आनखी लिव. त्या नागपूरवाल्याले सांगून दे. मी चक्कीवर जाऊन सांगतो साऱ्याइले, का माह्या सुनेच्या पुस्तकात पयले बाईले इचारतात.” मग थोडं थांबून, “पन पुढच्या टायमाले त्याइले भात खाऊ घाल. रुख्मा बरोबर म्हनते.”

“मले तरी कोनी इचारलं?” खाटेवरून आवाज आला.

सगळे वळले. दुधरामजींचे डोळे मिटलेले होते, पण कान शाबूत होते. “मले बी कोनी नाई इचारलं. बापानं म्हनलं, बस गाडीत. बसलो.”

“मंग तुमाले नव्हतं कराचं का?” सुलोचनाबाई फणकारल्या.

“असं कुठं म्हनलं मी?” म्हातारा कुशीवर वळला. “गुडघा तं काई टेकत नाई आता. इथूनच इचारतो. राहतं का माह्यासंग?”

लखनला ठसका लागला. खुशबूनं तोंडावर ओढणी धरली. सुलोचनाबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली, दळणाचा डबा काखेत घेतला. फाटकापर्यंत गेल्यावर वळल्या.

“इचार करून सांगीन,” त्या म्हणाल्या, आणि चक्कीच्या वाटेला लागल्या.