विरजणाची वाटी

शमुवेलचं पत्र आलं ते शहाण्णव सालच्या नाताळाच्या तोंडावर. आता चैत्र लागला, उंब्रजच्या बाजारात कैऱ्या आल्या, तरी शांतवन मास्तरांनी त्या पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र विसरलं होतं, असं नव्हे. ते तर पाठ झालं होतं. शमुवेल हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तर साताऱ्याला मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा पहिल्या बाकावर बसून नको नको ते प्रश्न विचारणारा. आता तो पुण्यात बायबलच्या भाषांतराचं काम करत होता. पवित्र शास्त्र घराघरांत बोलतात तशा सोप्या मराठीत आणायचं, असा त्या मंडळींचा खटाटोप चालला होता.

मास्तरांच्या घरचाही या कामाला हातभार असे. त्यांच्या पत्नी मार्थाबाई रोज भाकऱ्या थापण्याआधी ज्वारीच्या पिठाची एक मूठ वेगळ्या डब्यात काढून ठेवत. डबा भरला की तो रविवारी एस.टी.नं कऱ्हाडच्या ख्रिस्ती देवळात जाई आणि तिथं पीठ विकून जे काय येईल ते पुण्याला. मार्थाबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. मास्तर अजूनही ती मूठ काढत. पण त्यांच्या हातून निम्मं पीठ जमिनीवर सांडे.

शमुवेलनं लिहिलं होतं, "गुरुजी, सोबत काही पानं पाठवतो आहे. ही आपल्या देवळाच्या मंडळीतल्या लोकांना वाचून दाखवू नका. त्यांना सगळं तोंडपाठ आहे, न कळलेलंही कळलं म्हणतील. ज्यांनी हे कधी ऐकलं नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवा. मग तेच त्यांना त्यांच्या तोंडानं सांगायला लावा आणि ते काय बोलतात ते जसंच्या तसं मला कळवा."

मास्तरांनी पानं वाचली. पुन्हा वाचली. पेन्सिलीनं दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, मग आपल्याला काय कळतं म्हणून तेही खोडले. उत्तर लिहायला बसले की मायना लिहून हात थांबायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवा! शेजारी होते की. भिंतीला भिंत लागून होती. पण त्या घराची पायरी मास्तर किती वर्षांत चढले नव्हते!

त्या घरात लालासाहेब राहायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ऊसवाले शेतकरी. त्यांची बायको बयाबाई. मधली भिंत छातीएवढी. मार्थाबाईंचा आणि बयाबाईंचा सगळा संसार त्या भिंतीवरून चाले. दही संपलं की विरजणाची पितळी वाटी इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. कुणाची वाटी मूळची, हे दोघींनाही आठवत नव्हतं. मार्थाबाई गेल्या आणि वाटी मास्तरांच्या फडताळात पालथी पडली. उन्हाळा लागला, दूध सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकेना. नासलं की मास्तर ते मुकाट्यानं मोरीत ओतायचे. दही आवडायचं, पण विरजण मागायचं कुणाकडे?

जेवायला बसताना ते प्रार्थना मोठ्यानं म्हणत. शेवटी 'आमेन' म्हटलं की क्षणभर थांबत. दुसरं आमेन यायचं नाही. मग भाकरी मोडत.

पाडव्यानंतरच्या रविवारी मिरजेहून लेक आली, माया. तिथल्या एका दवाखान्यात ती नर्स होती. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर आवरायला घेतलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलेली ती पानं आणि शमुवेलचं नंतर आलेलं कार्ड तिला सापडलं.

"बाबा, हे अजून इथंच? शमुवेलदादाचं दुसरं कार्ड आलंय ना? ही पानं आता छापखान्यात जायची आहेत म्हणतो तो."

"जाऊ देत. माझ्या मतानं काय अडणार आहे?"

"तुमचं मत मागितलंय कुठं त्यानं? वाचून दाखवा म्हणतोय. शेजारी बयाकाकू आहेत, काका आहेत."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. काही अडचणीचं बोलायचं असलं की ते चष्मा पुसत.

"त्या घरी मी जात नाही, माया. तू लहान होतीस. त्यांचा मुलगा शंभूराज फौजेत भरती झाला म्हणून पेढे घेऊन गेलो होतो. सगळ्यांना चहा आला. मला आला तो बाहेरच्या कोनाड्यातल्या कानतुटक्या कपात. प्यायल्यावर मीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा होता. आपले आजोबा ख्रिस्ती झाले, मी शिकलो, शिकवलं, पण त्या कोनाड्याला मी कोण हे बरोबर ठाऊक होतं."

मायानं हातातली पानं नीट लावली. मग म्हणाली, "आईला ठाऊक होतं हे?"

"मी सांगितलं होतं."

"तरी ती भिंतीवरून विरजण मागायची?"

"तिचं मन मोठं होतं."

"आणि तुमचा अभिमान मोठा," माया म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "रागावू नका बाबा. मी मिरजेला असते, रोज मनात येतं, तुम्ही आज कुणाशी बोलला असाल? दूधवाल्याशी सोडून."

पाचच्या गाडीनं ती गेली. घर पुन्हा होतं तसं झालं. नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

दिवेलागणीला मास्तर उठले. पानं घेतली. नुसती पानं घेऊन कसं जायचं, म्हणून फडताळातली वाटी घेतली. गल्लीतून फिरून शेजारच्या दाराशी गेले. कडी एकदा हलकेच वाजवली. आतून काही उत्तर आलं नाही, तसे त्यांना हायसंच वाटलं. ते परत फिरले.

"कोन हाय रं?" आतल्या ओसरीवरच्या बाजेवरून लालासाहेबांचा आवाज आला. "वाजवून पळतंय कोन? पोरं हायत का काय?"

"मी आहे. शांतवन."

"मास्तर? आगं बये, मास्तर आल्यात! या की, या. उभं का?"

बयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा घट्ट झाला.

"काय काम काढलं?"

मास्तरांनी पानं पुढं केली. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पुण्याचा विद्यार्थी, भाषांतर, ऐकून काय वाटलं ते सांगायचं.

"आमाला धर्मात घ्यायला आलाय व्हय?" लालासाहेब हसले.

"नाही हो! नुसतं कळतंय का ते बघायचंय. नको असेल तर..."

"आवं, चेष्टा केली. वाचा. टीव्हीवर तरी काय हाय?"

मास्तरांनी वाचलं. आधी आवाज थरथरत होता, मग शाळेतला जुना आवाज हळूहळू परत आला. गोष्ट लहानशीच होती. येशूनं सांगितलेली. एकाच्या घरी अर्ध्या रात्री पाहुणा येतो. घरात भाकरीचा तुकडा नाही. तो शेजाऱ्याचं दार वाजवतो. शेजारी आतून म्हणतो, दार लावलंय, पोरं निजलीत, आता मी उठत नाही. पण हा दारातून हलत नाही, आणि शेवटी शेजारी उठून त्याला हवं ते देतो.

"आता तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले. "काय ऐकलंत?"

"लय बराबर हाय," लालासाहेब म्हणाले. "पोरं निजल्यावर उठायला मलाबी जिवावर यायचं. आन् ही मातूर लगेच उठायची. गावातलं कुनी बी असू दे."

बयाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला त्या शेजाऱ्याचं काय न्हाई. त्यो आळशी हाय, पर मनाचा वाईट न्हाई. मला त्यो दुसरा आवडला, वाजवनारा. घरात बसून 'त्यो काय देनार न्हाई' म्हनला असता, तर पावना उपाशीच निजला असता की. आदीच ठरवून टाकलं न्हाई त्यानं. जाऊन दार वाजवलं."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग एकदम त्यांचा आवाज फुटला.

"आन् तुमी काय केलंसा मास्तर? तुमी वाजवलंसा का दार?"

मास्तर गोंधळले. "कधी?"

"मारताबाई गेली तवा! मिरजेच्या दवाखान्यात गेली, तिकडंच मिरजेला मातीबी दिलीसा. कऱ्हाडच्या तुमच्या देवळातली मानसं गेली गाडी करून. मी भिंतीला भिंत लावून इतकी वर्सं राहिले, मला तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं! ज्या बाईसंगं दोन बाळतपनं काढली तिचं तोंड बघाय न्हाई मिळालं मला. तवापास्नं मी भिंतीकडं बघत न्हाई. म्हनलं, मास्तरला आपून कुनीच न्हाई."

मास्तरांच्या हातातली पानं खाली आली. त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या फोनवरून त्यांनी कऱ्हाडच्या देवळातल्या पाळकांना फोन केला होता. लालासाहेबांच्या घरीही फोन होता. नंबर त्यांना पाठ होता. पण मनात आलं होतं, ही माणसं कशाला येतील? आपल्या मयताला शिवतील का? नाही म्हणाली तर ते ऐकायचं कशाला? आणि आपण त्यांना संकटात टाकलं नाही, असं वाटून त्यांना आपल्या समंजसपणाचं बरंही वाटलं होतं!

"मला वाटलं, तुम्ही येणार नाही," ते कसंबसं म्हणाले. "या घरात माझा कप कोनाड्यात असायचा, बयाबाई."

आत कुकरची शिट्टी झाली, पण कुणी उठलं नाही.

लालासाहेब बाजेवर सरळ बसले. "मास्तर, ती चूक माझी. बयाची न्हवं. पलटनीत आमी एका लंगरात जेवलो. माझ्या ताटाशेजारी कुनाचं ताट हाय, कुनाचा बाप काय करतो, कुनी इचारलं न्हाई. बंकरमधी एका मगातनं चहा प्यालो. आन् रजेवर घरी आलो की आईनं कोनाड्यात ठिवलेला कप मला दिसायचा. दिसायचा, पर तोंड उघडायचं धाडस न्हाई व्हायचं. सरहद्दीवर हुतं, घरात न्हवतं!"

"कप कवाच फोडला," बयाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मारताबाईनंच भिंतीवरून सुनावलं हुतं. म्हनली, 'बया, तुझ्या हातचं विरजन माझ्या दुधात चालतं, मग माझ्या मालकाचं तोंड तुझ्या कपाला का चालंना?' सासूबाई जित्या हुत्या. त्यांच्यादेखत फोडला मी त्यो. लय बोलनी खाल्ली. तुमाला कसं कळनार? तुमी आलाच न्हाईसा!"

मास्तरांनी डोळे मिटले. मार्था! एवढं झालं आणि तिनं घरी एका शब्दानं सांगितलं नाही. की सांगितलं होतं, "एकदा जाऊन तर या" असं अधूनमधून म्हणायची ती, आणि आपण पुस्तकातून मान वर केली नव्हती?

"चुकलो," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा मी जास्त चुकलो. तुम्ही निदान कप फोडला. मी घरात बसून तो जपून ठेवला."

बयाबाई डोळ्यांना पदर लावून उठल्या. आत गेल्या. चहा आला तो एकाच ताटलीत, तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांत. कुणी कुठला घ्यायचा हे कुणीच सांगितलं नाही. मास्तरांनी जवळचा उचलला. चहात साखर जास्त होती.

निघताना बयाबाईंनी वाटी मागून घेतली आणि विरजण घालून परत दिली. "दूध कोमट करून घ्या. गरम दुधात टाकलंसा तर फुटंल. मारताबाईनं शिकवलं न्हाई वाटतं काय बी."

"मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले.

"आता इचारत जावा. भिंतीवरनं हाक मारली तरी चालंल."

सकाळी दही लागलं होतं. मास्तरांनी ते भाकरीबरोबर खाल्लं, पाटावरच कागद-पेन घेतलं आणि एका बैठकीत पत्र लिहिलं.

"प्रिय शमुवेल, उत्तराला उशीर झाला, क्षमा कर. पानं शेजारी ऐकवली. गोष्ट त्यांना कळली. माझ्यापेक्षा बरी कळली. त्यांचे शब्द जसेच्या तसे खाली लिहितो. मी इतकी वर्षं या कामासाठी पिठाची मूठ पाठवली आणि समजलो की शास्त्र लोकांपर्यंत पोचवतो आहे. माझ्या शेजारच्या दारापर्यंत मात्र मी स्वतःही पोचलो नव्हतो. तुझे शब्द कितीही सोपे कर. जो माणूस शेजाऱ्याचं दार वाजवत नाही, त्याच्या हातून ते कुठंच जाणार नाहीत."

वाचकहो, आपल्या गावागावांत अशा भिंती आहेत. एका बाजूला कोनाड्यातला कप असतो आणि दुसऱ्या बाजूला त्या कपाची आठवण. कप ठेवणं हा अन्याय आहेच, त्यात दुमत नको, आणि तो आधी ठेवणाऱ्यानं फोडला पाहिजे. पण समोरचा बदललाच नसेल असं घरात बसून ठरवून टाकलं, तर फुटलेला कपही आपल्यापुरता शाबूत राहतो. सुखात नाही तर नाही, निदान दुःखात तरी शेजाऱ्याला हाक मारा. तो येईल की नाही हे त्याला ठरवू द्या!

मास्तर एस.टी. स्टँडजवळच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेले. पाकीट हातात धरून सवयीनं एकदा थांबले. पत्ता बरोबर आहे ना? काही चुकलं तर नाही?

"आवं मास्तर," मागून भाजीची पिशवी घेतलेल्या बयाबाईंची हाक आली. "वाचताय काय? टाका की आता!"

मास्तरांनी पत्र पेटीत टाकलं.