पट्ट्यावरची हळद

आकारामचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, म्हणूनच त्याने चैत्रात ऑपरेशन करून घेतलं. हातात भरपूर महिने आहेत, असा त्याचा हिशेब होता.

वयात येताना त्याच्या छातीवर मांस चढलं, ते परत उतरलं नाही. बाकी अंग पिळदार होतं, दंड भरलेले होते, पण सदरा काढला की छाती बाईसारखी दिसायची. वडील नाथाजी पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या मते हा सगळा आळसाचा परिणाम होता. त्यांनी पोराकडून दंडबैठका काढून घेतल्या, पहाटे पळवलं. एकदा कोयनेच्या काठी चारचौघांत हसत म्हणाले, "आमच्यात एकच पोरगी म्हणायची सोय न्हाई." लोकही हसले. त्यानंतर आकाराम उघड्या अंगाने कुणाला दिसला नाही. भरतीच्या वेळी उघडं उभं राहावं लागतं, म्हणून तो भरतीलाही गेला नाही. शेतीच करायची आहे, असं घरी सांगितलं. नाथाजी त्यावर बरेच महिने त्याच्याशी धड बोलले नव्हते.

शिराळ्याजवळच्या विजयमालेशी सोयरीक जुळली, तेव्हा बायकोपुढे सदरा काढावाच लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं. थोरली बहीण रंगूबाई सांगलीला दिली होती. तिच्याजवळ तो पहिल्यांदा या विषयावर बोलला. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला मिरजेच्या एका सर्जनकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हे पुष्कळ मुलांना होतं, आळसाशी त्याचा काही संबंध नाही, आतली गाठ काढून टाकली की झालं. हे ऐकून आकारामला तिथेच रडू आलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचा त्रास पट्ट्याचा होता. जाड इलॅस्टिकचा, काखेपासून बेंबीच्या वरपर्यंत येणारा, पुढे हुकांची रांग असलेला. आत जिथून मांस काढलं तिथे पोकळी राहते, पट्ट्याने दाबून ठेवलं नाही तर तिच्यात रक्त साचतं, म्हणून दीड महिना तो काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पट्टा आवळला की श्वास अर्धाच आत जायचा. उन्हाळ्याच्या घामाने खाली घामोळं उठलं, खाज सुटली की भिंतीला पाठ घासावी लागे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो हुबेहूब बायकांच्या चोळीसारखा दिसायचा. ज्याच्यापासून सुटायला एवढं केलं, तेच पुन्हा अंगावर चढवल्यासारखं त्याला वाटे.

घरी त्याने सांगितलं होतं की सांगलीत ट्रॅक्टरचं काम शिकतोय. नाथाजींनी विश्वास ठेवला. मग एका दुपारी ते स्वतःच एस.टी.ने सांगलीला येऊन रंगूबाईच्या दारात उभे राहिले. त्यांचा आवाज कानावर पडताच आकारामने आतल्या खोलीत घाईघाईने पट्टा काढला, गादीखाली दडवला आणि सैल सदरा घालून बाहेर आला.

लग्न अलीकडे आल्याचं सांगायला ते आले होते. विजयमालेचा भाऊ फौजेत होता. त्याची बदली सरहद्दीवर होणार होती, सुट्टी वैशाखातच मिळणार होती. मुलीकडच्यांनी लग्न अलीकडे घ्यायची विनंती केली आणि नाथाजींनी, एका फौजीने दुसऱ्याला शब्द द्यावा तसा, तिथल्या तिथे शब्द दिला. ते संध्याकाळच्या गाडीने परत जाईपर्यंत आकाराम त्यांच्यासमोर ताठ बसून होता. ते गेल्यावर त्याने सदरा वर केला. डावी बाजू टम्म फुगली होती, कातडी निळी पडली होती.

मिरजेला डॉक्टरांनी सुईने रक्त ओढून काढलं. पुन्हा असं झालं तर टाके उसवून परत कापावं लागेल, म्हणाले. लग्न पुढे ढकला, असंही म्हणाले. रंगूबाईने आकारामकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. वडिलांना कारण काय सांगणार होता?

लग्न मुलीच्या गावी होतं. आदल्या दिवशी वऱ्हाड जानवशाच्या घरी उतरलं. पट्ट्यावर बंडी, बंडीवर सदरा, असा आकाराम दिवसभर घामाने निथळत होता. हळद उघड्या अंगाला लावतात, ही धास्ती त्याला आधीपासून होती, पण त्यातून वाट काय काढायची ते सुचलं नव्हतं. रंगूबाई म्हणाली होती, मी बघते.

सकाळी अंगणात पाट मांडला. आत्या हरणाबाई हळदीची वाटी घेऊन पुढे होती. मुलीकडच्या बायकाही उष्टी हळद न्यायला येऊन थांबल्या होत्या. आकाराम सदऱ्यासकट पाटावर बसला, तशा बायका हसल्या. रंगूबाई म्हणाली, त्याला थंडी भरलीय, तोंडाला आणि हातापायांना लावा. वैशाखाच्या उन्हात थंडी कसली, म्हणत हरणाबाईने एका हाताने त्याचा सदरा आणि बंडी वर ओढली.

पट्टा दिसला. हुकांची रांग दिसली. अंगणातलं हसणं थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाईची चोळी घातलीया गं यानं." हरणाबाईचा हात हुकांकडे गेला, तशी रंगूबाई मधे पडली.

"हात लावू नगंसा. त्याचं ऑपरेशन झालंय."

तिला वाटलं, एवढ्याने भागेल. पण ते शहात्तर साल होतं. गावोगाव नसबंदीची शिबिरं चालू होती, बाजारातून, एस.टी. स्टँडवरून माणसं उचलून नेल्याच्या गोष्टी रोज कानावर येत होत्या. ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या मनात एकच यायचं. मुलीकडच्या बायका हळद न घेताच निघून गेल्या. मांडवात बातमी पोचली ती अशी, की नवऱ्या मुलाची नसबंदी झालीय आणि ते लपवून लग्न लावतायत.

थोड्याच वेळात मुलीचा मामा लालासाहेब चार माणसं घेऊन आला. तो ओरडला नाही. उंबऱ्यात उभा राहून नाथाजींना म्हणाला की आमची पोरगी आम्ही विहिरीत ढकलणार नाही, खरं काय ते सांगा, नाहीतर वऱ्हाड माघारी न्या. नाथाजींना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचं तोंड काळवंडलं. ते पोराजवळ आले.

"काय केलंस?"

रंगूबाई म्हणू लागली की गाडीवरून पडला, बरगड्या मोडल्यात. आकारामने तिला थांबवलं. खोटं आता एका तासाचंही टिकणार नव्हतं. पण खरं तरी या सगळ्यांपुढे कसं बोलावं? छातीत कळ येत होती, श्वास पट्ट्याखाली अडकत होता.

"नसबंदी न्हाई," तो म्हणाला. "काय हाय ते तिला सांगतो. दुसऱ्या कुणाला न्हाई."

लालासाहेब म्हणाला, असली रीत नाही. पोरीने लग्नाआधी नवऱ्याशी एकट्याने बोलायचं म्हणजे काय? मग सगळे नाथाजींकडे बघू लागले. 

"पोरीला बोलवा," ते म्हणाले. "नांदायचं तिला हाय. तुमास्नी न्हाई आन् मलाबी न्हाई."

विजयमाला आली ती हळदीविना, साध्या लुगड्यात. माजघराचं दार अर्धं उघडं ठेवलं होतं, बाहेर अंगणात माणसं उभी होती. आकाराम भिंतीला टेकून बसला होता. त्याने तिच्याकडे न बघता हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली. काय होतं, कधीपासून होतं, काय काढलं, पट्टा कशासाठी. मधे एकदा आवाज फाटला, तेव्हा थांबला आणि पुन्हा बोलला. ती ऐकत होती.

"आदी का न्हाई बोलला?" तिने विचारलं.

"तुमी न्हाई म्हटलं असतं."

"आता म्हटलं तर?"

त्याने सदरा वर करून वरचा हुक काढला, मग दुसरा. तुमचा विश्वास बसत नसेल तर बघा, पण लौकर बघा, असं म्हणाला. तिसऱ्या हुकावर त्याची बोटं घसरली. डाव्या बाजूला कळ उठली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सांगितलासा, बास झालं. पन यापुढं माझ्यापासनं असं काय लपवायचं न्हाई. मी बाहेरच्यांकडनं ऐकनार न्हाई."

ती उठून उंबऱ्यात गेली. मामाला म्हणाली की नसबंदी नाही, छातीचं दुखणं आहे, मिरजेच्या डॉक्टरांनी बरं केलंय. कसलं दुखणं, असं लालासाहेबाने विचारलं. ती म्हणाली, "ते माझ्याजवळ ऱ्हाईल." आणि हरणाबाईकडे वळून म्हणाली, हळद कापडावरनं लावा आणि उष्टी पाठवा, मी थांबलेय.

माजघरात आकाराम हुक लावायचा प्रयत्न करत होता. दोन्ही टोकं जुळत नव्हती. नाथाजी आत आले. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खाली बसले आणि एकेक हुक स्वतः लावू लागले. जाड बोटांना ते जमत नव्हतं, वेळ लागत होता. शेवटचा हुक लागल्यावर त्यांचा हात तिथेच राहिला.

"आवळत न्हाई न्हवं?"

"आवळायलाच पायजे, आबा."

नाथाजी आणखी काही बोलतील असं त्याला वाटलं. ते उठले. बाहेर जाऊन हरणाबाईला म्हणाले की हळूच लाव, चोळू नको.

लग्न लागलं. लालासाहेब रीतीप्रमाणे मुलीच्या पाठीमागे उभा राहिला, पण जेवायला बसला नाही, आणि पुढे दोन वर्षं त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्याला नाही.

मुदत संपल्यावर दोघं मिळून मिरजेला गेले. डॉक्टरांनी पट्टा काढला. उजवी बाजू सपाट झाली होती. डावीकडे, जिथे रक्त साचलं होतं, तिथे किंचित खळगा पडला होता आणि बोट लावलं तर त्याला स्पर्श कळत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तेवढं राहील. विजयमाला जवळ येऊन बघत राहिली. मग तिने दुखतं का ते विचारलं आणि तो नाही म्हणाल्यावर सदरा त्याच्या हातात दिला.

परतीच्या एस.टी.त खिडकीतून वारा येत होता. सदरा अंगाला चिकटला, तसे आकारामचे दोन्ही हात आपसूक छातीवर गेले आणि तिथेच राहिले. कऱ्हाड जवळ आलं तरी ते तसेच होते.

"हात खाली घ्या," विजयमाला म्हणाली. "लोकं बघाय लागली."

त्याने हात मांडीवर ठेवले. पुढच्या वळणावर ते पुन्हा वर गेले, आणि या वेळी तिने काही न बोलता त्यातला एक धरून आपल्याजवळ ठेवला.